काकूंच्या ओव्हनचा खोका

भाज्या भाजून झाल्या की काकू ओव्हन गार होऊ द्यायच्या, पुसायच्या आणि लाकडी खोक्यात ठेवून वरून सुतळी बांधायच्या. दुसऱ्याच दिवशी परत लागणार असला तरी. मी हसले की म्हणायच्या, "बदलीचा हुकूम कधी येईल, सांगता येतं का?"

आता कसला हुकूम येतोय? त्यांचे यजमान सुभेदारकाका फौजेतून निवृत्त झाले होते, नोएडात स्वतःचा फ्लॅट घेऊन टीव्हीच्या एका नव्या कारखान्याची सुरक्षा सांभाळत होते. पण साताऱ्याकडच्या या बाईंचा सगळा संसार छावण्यांमध्ये गेलेला. खोका पलटणीतल्या सुताराने केलेला, त्यावर काळ्या रंगात काकांचं नाव. मी नोकरीसाठी पुण्याहून येऊन समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होते. अशी बांधाबांध करून बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

ओव्हन अॅल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काच असलेला. भाज्या भाजायला त्यांना कुठल्याशा छावणीतल्या मेमसाहेबांनी शिकवलं होतं. त्यातला मैद्याचा पांढरा सॉस काकूंनी पहिल्याच दिवशी रद्द केला. दिल्लीची लाल गाजरं, शलगम, फ्लॉवर, मटार यांना तेल, तिळाचं कूट, काळा मसाला आणि गुळाचा खडा लावून ट्रे आत जायचा. म्हणजे भोगीची भाजीच, फक्त रस्सा नसलेली. छावणीत वाढलेला त्यांचा मुलगा रस्सा बघून नाक मुरडायचा, म्हणून ही युक्ती. तो बंगलोरला गेला तरी युक्ती राहिली.

मला वाटी मिळायची, कारण मी मराठी. बाकी इमारतीशी त्या नमस्तेच्या पुढे जात नसत. "ओळख वाढवली की निघताना जड जातं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्याचा फार राग यायचा. एवढं चांगलं जेवण करणारी बाई, आणि एकटीच जेवायची.

एका हिवाळ्यात मी हट्टच धरला. भोगी आणि पंजाब्यांची लोहडी एकाच दिवशी येते, सगळे खाली जमणारच आहेत, तर बोलवा. काकूंनी चार दिवस टाळाटाळ केली आणि मग स्वतःच घरोघर जाऊन आमंत्रणं दिली. त्या दिवशी त्या इतक्या घाबरलेल्या होत्या की मसाल्याचा डबा हातात धरून डबा शोधत होत्या.

ट्रे आत गेला, तीळ तडतडले आणि लाइट गेली. नव्या वसाहतीत ती जायचीच. गाजरं अर्धकच्ची, आणि गॅस नेमका सकाळी भाकऱ्या झाल्यावर संपलेला. काकू मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, उगाच बोलावलं, मला माणसं धार्जिणी नाहीत.

काका ट्रे घेऊन खाली गेले. आम्हीही मागोमाग गेलो. खाली लोहडीची शेकोटीही विझायला आलेली. सगळीकडे सिमेंट आणि वाळू, लाकूड आणायचं कुठून? काकू त्या आगीकडे बघत उभ्या राहिल्या, मग वर गेल्या आणि खोका उचलून घेऊन आल्या. शेजारचे सरदारजी म्हणाले, "आंटीजी, ये तो काम की चीज़ है."

"अब क्या काम? हमको कहाँ जाना है," काकू म्हणाल्या.

काकांनी फळ्या मोकळ्या केल्या. स्वतःचं नाव असलेली फळी त्यांनीच शेवटी आगीत घातली. निखारे झाल्यावर ट्रेवर परात झाकून वरखाली निखारे ठेवले. भाज्या एका बाजूला करपल्या, तरी सगळ्यांनी बाजरीच्या भाकरीबरोबर बोटं चाटून खाल्ल्या. त्यानंतर काकूंचं दार दिवसभर उघडं असायचं, आणि ओव्हन ओट्यावर.

काही वर्षांनी काका झोपेतच गेले. मुलगा आईला न्यायला आला. निघायच्या दिवशी सगळी इमारत जिन्यात उभी होती, आणि जड जातं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. काकूंनी ओव्हन माझ्या हातात दिला.

"खोका तर मीच जाळला, पोरी. आता हा इथंच राहणार."

त्या परत कधी आल्या नाहीत. ओव्हन माझ्या ओट्यावर आहे. मी त्याला खोका केलेला नाही.