बांधवाले सर

जालन्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांना जगातली कुठलीच गोष्ट शेताच्या बांधाशिवाय सांगता यायची नाही. महागाई असो की महायुद्ध, सर बांधावर येणारच. 'बांधवाले सर' हे नाव मीच पाडलं, आणि त्यांची नक्कलही मीच झकास करायचो.

सीमाशुल्क संघाचा धडा आला की ते खडू खाली ठेवत. "चार भावांनी मधले बांध फोडले, अन् चौघांच्या रानाला बाहेरून एकच कुंपण घातलं. आत माल कुठं बी न्या, जकात न्हाई. बाहेरच्याला मातर चौघांचा एकच दर. झाला संघ!" गरीब देशांनी एकत्र का यावं, हे तेवढ्यात कळायचं. गिऱ्हाईक वाढतं, कारखाना चालतो, बड्या देशाशी भाव करताना चौघांचं तोंड एक असतं.

पण सर तिथे थांबत नसत. वाटूरला, त्यांच्या गावी, त्यांनी स्वतःच आपल्या भावांना बांध फोडायला लावले होते. मोसंबीची मोठी बाग झाली, व्यापारी दारात येऊ लागला. मात्र विहीर आणि सडक थोरल्याच्या तुकड्यात, म्हणून गोदामही तिकडेच गेलं. धाकटा पूर्वी शेजाऱ्याकडून स्वस्तात शेणखत घ्यायचा. आता नियम असा, की महाग पडलं तरी थोरल्याचंच घ्यायचं. शेवटी धाकटा आपलं रान थोरल्याला देऊन जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात लागला. "फायदा झाला का? बराबर झाला. कुणाला झाला, ते बी लिहा," सर म्हणत. "बांध फोडा, पण आधी धाकट्याचा वाटा कागदावर घ्या." तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा. हे काही परीक्षेत येत नाही म्हणून आम्ही वह्या मिटायचो.

पुढे मी दिल्लीत लहान लहान देशांच्या अधिकाऱ्यांना हाच विषय शिकवू लागलो. बांधाचं उदाहरण तिथे माझं म्हणून खपवतो, तेही कुंपणापर्यंतच. पुढचं सांगितलं की ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात. एका चिमुकल्या देशाच्या बाईंनी विचारलंही, "आमच्यासारख्या सगळ्यात छोट्यांचं काय?" मी बेलाशक सांगितलं, "हळूहळू सगळ्यांनाच मिळतं." त्यांनी ते लिहून घेतलं. त्याची आजही लाज वाटते.

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजनं भाषणाला बोलावलं. तिथेही मी कुंपणापर्यंतच बोललो. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर पहिल्या रांगेत सर, पार थकलेले, आणि शेजारी दुसरा एक म्हातारा. मी पाया पडलो.

"हा माझा धाकटा," सर म्हणाले. "मुद्दाम आणल्ता. माझं काय चुकलं ते घरात मला कधी धड बोलता आलं न्हाई. म्हणलं, तू चारचौघांत नीट सांगशील."

धाकट्यानं हात जोडले. "लई चांगलं बोलले साहेब."

माईक अजून चालू होता. परत वर जाऊन उरलेलं सांगता आलं असतं. मी सत्काराची शाल सावरत चहाला गेलो.