पाहुण्याची कळशी

"थोडं पुढे या, बाबा. सगळ्यांना दिसू द्या."

माहा बाप उठला. हातावर डायलिसिसच्या सुयांचे डाग, पाय सुजलेले. समाजमंदिरात, साऱ्या गावासमोर, अमरावतीहून आलेल्या मॅडमनं त्याले उभं केलं.

"पाणी आम्ही तपासलं. चांगलं आहे. किडनी पाण्यानं नाही, यांच्यासारख्यांच्या सवयींनी जाते. तंबाखू, अंगदुखीच्या गोळ्या, मीठ."

बापानं जन्मात तंबाखू खाल्ला नाई. पण इचारलं कोनं? थो मान खाली घालून उभा, चोरी करताना सापडल्यावानी. मांगून कोनीतरी हासलं.

माईक माह्या हातात होता. अकोल्यात शिकलेली गावची पोट्टी, म्हणून त्यायचं संशोधन लोकायले समजावून सांगाचं काम मले दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हेच तुमच्या गावठीत सांग. त्यांना तेवढंच कळतं."

मी पडद्याकडं पाहिलं. तपासणीच्या बाटलीचा फोटो होता. आमच्याच ओसरीवरचा. बाजूले पाहुण्याची कळशी. अन् माहं डोस्कं भणाणलं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या पाण्यानं चहा फाटते. म्हणून घरोघरी लांबून आणलेलं गोडं पाणी पाहुण्यासाठी कळशीत झाकून ठेवतात. पाहुण्याले खारं पाजणं म्हंजे घराची अब्रू गेली. आमी खारंच पितो. बाप आजारी पडला तरी त्या कळशीले हात लावे नाई. तपासणीवाल्यायनं बाटली पुढं केली, "प्यायचं पाणी द्या." माय लगबगीनं उठली, कळशीतलं दिलं. शहरातल्या मानसायले खारं कसं द्यावं? साऱ्या गावानं तेच केलं.

"मॅडम, हे पाहुण्याचं पाणी हाय," मी माईकवरच बोलली. "आमी पितो ते नाई. बोअर बाहेरच हाय. चला, भरून घ्या."

त्यायनं माईकवर हात ठेवला. हासल्या. "अहवाल वर गेलाय. तू फक्त सांगायचं काम कर. विचार करायला आम्ही आहोत."

आग लागो त्या विचाराले! बाप अजून उभाच होता.

मी त्यायचा हात बाजूले केला. "बाबा, तुमी बसा." मंग गावाकडं तोंड केलं. गावठीतच सांगतलं, "आपलं पाणी यायनं तपासलंच नाई. बाबाची किडनी कायनं गेली, यायले मालूम नाई. मालूम नसून त्याले उभं केलं."

कोनी हासलं नाई आता.

माय पदर तोंडाले लावून रडून राहिली होती. "म्याच दिलं वं ते पाणी." तिची काय चूक? तपासणीवाले घडीभर अंगणात बसले असते, तुमी काय पिता म्हणून एकदा इचारलं असतं, तर समजलं असतं. पण मॅडमले आमचं ऐकाचंच नव्हतं. त्यायले फक्त आमाले ऐकवाचं होतं.

माईक टेबलावर ठेवला. काम सोडलं.

आता आमच्या घरी पाहुण्याची कळशी नाई. ते गोडं पाणी बाबाचं. अन् बाटल्या घेऊन, आमच्या सवयी शिकवाले कोनी दारात आलं, तर मी बोअरच्या पाण्याचा भरलेला गिलास त्याच्या हातात देते.

आधी पे. मंग बोल.