बुधवारच्या चपला

सरकारी दवाखान्यात वडिलांच्या रिपोर्टसाठी थांबलो होतो. शेजारच्या दाराबाहेर लोकांनी काढलेल्या चपलांचा पसारा होता आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी त्यांच्या जोड्या लावत होती. कुणी घाईत पाय घालून ओळ मोडली, की ती पुन्हा पहिल्या जोडीपासून सुरुवात करायची. कुणाकडे बघत नव्हती, बोलत नव्हती. त्या अख्ख्या इमारतीत मन लावून काम करणारं तेवढं एकच माणूस मला दिसलं.

"स्वमग्न आहे," तिची आई म्हणाली. "शाळा म्हणते, अपंगत्वाचा दाखला आणा, मग बघू. दाखल्याच्या मॅडम फक्त बुधवारी असतात."

तेवढ्यात शिपाई बाहेर आला. "मॅडम मीटिंगला गेल्यात. पुढच्या बुधवारी या."

मलाच संताप आला. तिच्या आईचं मात्र इतक्या बुधवारांनंतर भांडायचं बळही संपलं असावं. खाली बसून तिने मुलीच्या पायात चपला घातल्या. टाचा मागून बाहेर येत होत्या.

"पहिल्यांदा इथे यायचं म्हणून घेतल्या होत्या," ती म्हणाली. "तेव्हा दोन बोटं मोठ्या होत होत्या."