पंप माझ्या कॅरिअरवर

सायकल ग्रुपचे किस्से घरातल्या जुन्या पिशव्यांसारखे साठत जातात. एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. आज उघडलंय, आणि डोकं तापलंय माझं.

आमच्या सोलापूरच्या ग्रुपात आम्ही सहा जण. पाच जणांच्या बारीक टायरच्या रेसर, माझी एकटीची जाड टायरची हायब्रिड. तिला मागं कॅरिअर आहे, कारण शाळेच्या वह्यांचा गठ्ठाही मी त्यावरूनच नेते. कॅप्टन, म्हणजे आमचे औषध दुकानवाले, पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाजी आणायला बरी हाय की, मॅडम." मी हसले. हसायला नको होतं.

*

दहा किलोमीटरची राइड. कॅप्टननी जाकीट काढून माझ्या कॅरिअरवर ठेवलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही ठेवली. पाच जाकिटं घेऊन तलावाला फेरी मारली, वर ऐकून घेतलं, "जरा स्पीड वाढवा."

*

तीसच्या राइडला दोन डझन केळी आली. पंप, पान्हे, पंक्चरचं सामानही माझ्याकडंच. मी पोचेपर्यंत ग्रुप फोटो काढून झाला होता. ग्रुपवर त्याखाली लिहिलेलं, 'टीम पूर्ण'. शाळेत पोरांवर ओरडत नाही एवढी त्या दिवशी घरी येऊन कॅप्टनवर फोनवर ओरडले. कॅप्टन शांत. म्हणाले, "केळी लई गोड होती बगा."

*

पन्नासला एकाचा हातमोजा रस्त्यात पडला. परत जाऊन आणणार कोण? कॅरिअरवाली. माझे त्रेपन्न झाले. कॅप्टननी यादीत माझ्या नावापुढं लिहिलं, 'पन्नास, हळू.'

*

मग अकलूज ठरलं, शंभरच्या वर. तिथं माझी थोरली बहीण दिलीय. "अक्का, सायकलवर येऊ का?" म्हटलं की तिचं एकच, "एसटीनं ये गं बाई." तिच्या दारात मला सायकलवरून उतरायचं होतं. बाकी काही नको होतं.

कॅप्टन म्हणाले, "हायब्रिडवर लांबचं जमत न्हाय. तुमी मोहोळातनं माघारी फिरा, तितं सामान आमी घेतो." मोहोळला चहा झाला. सामान कुणी मागितलं नाही, मीही माघारी फिरले नाही.

अकलूजच्या अलीकडं वेळापूरपर्यंत मी बरीच मागं पडले होते. तिथं एका हॉटेलच्या दारात पाचही रेसर उभ्या दिसल्या. मंडळी आत जेवत होती. मी थांबले नाही.

अक्काच्या ओट्यावर चहा घेत होते तेव्हा कॅप्टनचा फोन आला.

"मॅडम, हॉटेलापासनं निघालो आन् दोन टायर गेले की. पंप तुमच्याकडं हाय. किती मागं हाय तुमी? आमी थांबतो."

"थांबू नका," मी म्हटलं. "एसटीनं या."