उस्मानचाचांचा पाट

उस्मानचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यापुढं टेबलावर त्यांच्याच हाताखालून गेलेल्या इमारतीची फाईल उघडी होती. फोन हट्ट्याहून, चाचांच्या गावाहून, त्यांच्या मुलीचा, शमीमचा. "बाजी, अब्बा गेले. सकाळी चहा मागितला, अन् मी घेऊन आले तर..." या गोष्टीला आता सात आठवडे झाले. खरं सांगते, कुणाला काही का वाटेना, त्या वेळी मला रडू आलं नाही. भीती वाटली. आता ही फाईल घेऊन मी कुणाकडं जाऊ, हा पहिला विचार. दुसरा त्याहून वाईट होता. माझं एक बसणं राहिलं होतं, आणि ते आता त्यांच्यासमोर कधीच होणार नव्हतं.

बसणं म्हणजे काय, ते सांगते. तो मोठा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमच्या भागात फार पडझड नव्हती, पण भीती अशी बसली होती की माणसं लाकूड-मातीच्या माळवदाच्या घरात जेवायला आत जायची आणि बाजा मात्र अंगणात टाकायची. जुनं लाकूड दिसलं की जो तो म्हणायचा, पाडा. अशा वेळी सरकारला सुचलं की कनिष्ठ अभियंत्यांना जुन्या लाकडी इमारती तपासायला आणि दुरुस्त करायला शिकवावं. आम्ही सहा जण. त्यात मी एकटी बाई, आमच्या तांड्यावरची पहिली डिप्लोमावाली. सिमेंटचं गणित तोंडपाठ आणि सागवान ओळखता येत नाही, अशी गत! वर्ग भरायचा शिरड शहापूरकडच्या एका गावात, निजामाच्या काळातल्या चावडीत. गावाचं नाव लिहीत नाही. गावानं मला माफ केलंय, पुन्हा कशाला उकरा. बारा खांब, वर माडी. एरवी तिथं शाळा भरायची. दुरुस्तीपुरती पोरं समोरच्या मंदिराच्या ओट्यावर बसवली होती. आणि आम्हाला शिकवायला कोण, तर चौथी शिकलेला सुतार. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांकडं बघून हसलो. चाचांनी ते बघितलं. "हसा, हसा. खांब बी हसून राहिलाय तुमाला. त्याचं वय तुमच्या आज्याच्या वर हाय."

शिकवण्याची त्यांची रीत साधी होती. खांब लाकडी मोगरीनं चारी बाजूंनी वाजवायचा, कान लावून ऐकायचा, मग बुडाशी, जिथं तो दगडावर टेकतो, तिथं आरी टोचून बघायची. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं भद्द वाजतं. वही काढून लिहायला लागलं की ओरडायचे, "लिवू नको, ऐक!" मी त्यांना फार भ्यायची. आवाज मोठा होता म्हणून नाही हो... ते गप्प बसले की जास्त भीती वाटायची. प्रत्येकाला दोन-दोन खांब वाटून दिले होते. तुळयांना टेकू लावून वरचा भार तोलून धरला होता. खांब तपासायचे, कुजलेला पाय कापून नवा सागवानी पाय जोडायचा, आणि शेवटी टेकू काढायचे. आणि इथं चाचांचा नियम होता. त्यांच्या वडलांपासून चालत आलेला. ज्यानं खांब पास केला, त्यानं टेकू निघताना त्याच खांबापाशी, तुळईखाली, पाटावर बसायचं. तो पाट ते थैलीतूनच घेऊन हिंडायचे. चार बोटं उंच, कुठल्याशा जुन्या खांबाच्या तुकड्यातून केलेला. आमच्यातल्या एकानं विचारलं, "हे काहून, उस्ताद?" तर म्हणाले, "कागदावर माणूस काय बी लिहितंय. बुडाखाली पाट आला की बराबर खरं बोलतंय."

माझा पहिला खांब ओसरीतला, मोकळा. दुसरा कोपऱ्यातला. त्याच्या मागं शाळेच्या दाखल्यांचं लोखंडी कपाट, मध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. मी तीन बाजूंनी वाजवला, झकास वाजला. चौथ्या बाजूला हात घालायला वाकले तर फटीत सापाची कात. पांढरी, लांबलचक. आई गं! मी अशी मागं झाले की डोकं भिंतीला आपटलं. आता हे सांगायचं कुणाला? बरोबरची पाचही पोरं आधीच टपून बसलेली, बाई कधी किंचाळतात म्हणून. मी वहीत लिहिलं, 'चारी बाजूंनी तपासला, ठीक.' संध्याकाळी चाचांनी विचारलं, "कोपऱ्याचा चारी बाजूनं वाजवला का?"

"व्हय, चाचा."

एवढं एकच खोटं बोलले मी. त्यानंतर तीन दिवस जेवले नाही. डबा उघडायचे, भाकरी कुस्करायचे, परत बांधायचे. दर वेळी ठरवायचे की आता सांगते, आणि चाचा समोर आले की भलतंच काही विचारून मोकळी व्हायचे. तांड्यावर याडीनं अख्ख्या गणगोताला सांगून ठेवलं होतं, माझी लेक सायब झाली. ती लेक कातेला भिऊन खोटं लिहिते, हे बाहेर आलं तर तोंड कुठं लपवू... आणि नाही आलं तर? माझ्या डोक्यात तो खांब सारखा मोडायचा. स्वयंपाक करताना मोडायचा, बसमध्ये मोडायचा.

टेकू काढायचा दिवस उजाडला. पोरं ओट्यावर पाढे म्हणत होती. हेडमास्तर खुशीत, "सोमवारी पोरांना आत घेतो," म्हणत येरझाऱ्या घालत होते. माझा ओसरीतला खांब निर्विघ्न झाला. मग चाचांनी पाट उचलला आणि कोपऱ्यात ठेवला. "चल, अनिताबाई." मी बसले. साडी घट्ट आवळून धरली. चाचांनी टेकूच्या पाचरीवर पहिला घाव घातला. वरून माळवदाची माती भुरभुर माझ्या केसात पडली. तुळई कण्हली. मोठा आवाज नव्हता, म्हातारं माणूस कूस बदलताना करतं तेवढाच. कुणीतरी म्हणालं, "बाई घामानं न्हाऊन राहिल्यात." पाढे चालू होते, चौदा नव्वे सव्वीसासे. सोमवारी त्यातलंच एखादं लेकरू इथं बसणार, माझ्या जागी, हे तेव्हा डोळ्यांपुढं आलं. दुसऱ्या घावाला हात उचलला आणि मी उठले. "थांबा, चाचा! मागून पाह्यला न्हाई! खोटं लिहिलं मी!"

चाचांनी पाचर परत ठोकून घट्ट केली, मोगरी खाली ठेवली, दोघांना हाक मारून कपाट ओढून घेतलं आणि खांबाच्या मागं आरी लावली. भिजल्या भाकरीत बोट जावं तशी ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर वाळवीची माती. मी चाचांच्या तोंडाकडं बघितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते आरी तशीच हातात धरून समोर ओट्यावरच्या पोरांकडं बघत होते. उस्मानचाचा भ्यालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले, आणि ते बघून माझं उरलंसुरलं अवसान गेलं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गलती माझी हाय. मी विचारलं, पर पाह्यलं न्हाई." मी चप्पल हातात घेऊन जी निघाले ती थेट एसटीच्या थांब्यावर. चार दिवस तांड्यावर तापानं पडून होते.

पाचव्या दिवशी चाचा स्वतः आले. दारातूनच ओरडले, "ओ इंजिनेर बाई, जिवंत हाय का?" याडीनं चहा केला. चाचांनी सांगितलं की खांबाला नवा पाय बसला, टेकू निघाले, पोरं आत गेली. "तुझ्या जागी मी बसलो. पर ते बसणं माझं झालं, बेटी. तुझं राहिलं." मग हळूच म्हणाले, "मला बी दर वेळी भ्या वाटते. वाटाया पायजे."

पुढं मी नोकरीत वर चढले, जिल्हा वेगळा झाला, ऑफिस हिंगोलीला आलं. चाचांकडं जाणं-येणं राहिलं. दर ईदला शीरखुर्मा पुढं ठेवायचे आणि चिडवायचे, "एक बसणं बाकी हाय तुझं." मी हसून टाळायची. काही महिन्यांपूर्वी त्याच चावडीची फाईल माझ्याकडं आली. शाळा इथं आणखी भरवायची की इमारत धोकादायक म्हणून पाडायची, अभिप्राय द्या. मी दोन महिने ती दाबून ठेवली. शेवटच्या भेटीत चाचांना बोलले तर अंथरुणावरच उठून बसले. "जाऊ की दोघं. मी वाजवतो, तू बस." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. काम होतं असं नाही. धीर होत नव्हता.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर शमीमनं मला तो पाट दिला. उलटा करून दाखवला. खाली पटाशीनं कोरलेल्या आडव्या खुणा, ओळीनं. प्रत्येक बसण्याची एकेक. टोकाला एक रेघ नुसती पेन्सिलीची. "ही तुमची, बाजी. अब्बा म्हणायचे, बसली की कोरतो."

परवा गेले मी चावडीत. हेडमास्तर आता नवे आहेत, ते म्हणाले, "मॅडम, खुर्ची आणतो." म्हटलं, पाट आणलाय. आधी बाराच्या बारा खांब वाजवले. कोपऱ्यातलं कपाट ओढायला लावलं, चारी बाजूंनी कान लावला, आरी टोचली. चाचांनी बसवलेला पाय दगडासारखा लागला. मग पाट ठेवला आणि बसले. वर माडीवर मधल्या सुट्टीची पोरं धावली, तुळई तशीच कण्हली, केसात माती पडली. भ्याले, खूप भ्याले, चाचांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण सुट्टी संपून पोरं जागेवर बसेपर्यंत उठले नाही. फाईलवर 'शाळा भरवावी' असं लिहून सही तिथंच केली, मांडीवर ठेवून.

पाट आता माझ्या घरी आहे. रेघ कोरावी म्हणून एकदा पटाशी हातात घेतली होती, पण ते त्यांचं काम होतं. पेन्सिल घासून जाऊ नये म्हणून पाट उलटाच ठेवते.