पाटीची लाल बाजू

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात नाथाजी साबळेनं नऊ वर्षं कानांवर काम केलं. जोडणीच्या बाकावरून कुणी ओरडलं, "नाथाजी, बेरिंग!" की तो स्टोअरमधून खोकं खांद्यावर टाकून हजर. कुणाला काय कधी लागेल, हे त्याला पाठच झालेलं.

पंचाहत्तर साली सांगलीकडचे धन्यकुमार मगदूम नावाचे तरुण इंजिनियर आले. मालाचा ढीग आणि आरडाओरडा दोन्ही त्यांना खपेना. त्यांनी बाराही बाकांवर पत्र्याची एकेक पाटी टांगली. एक बाजू लाल, एक हिरवी. खोक्यात माल असला की हिरवी बाजू पुढं. माल तळाला गेला की कामगारानं पाटी फिरवायची, माल आला की परत हिरवी करायची. लाल दिसली की नाथाजीनं माल आणायचा, हिरवी असेल तिथं एक नटसुद्धा टाकायचा नाही.

"सोपं आहे की नाही, नाथाजी?" मगदुमांनी विचारलं.

"व्हय सायेब," तो म्हणाला. त्याला दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या, वाळक्या शेणासारख्या.

हे त्याला अठराव्या वर्षापासून ठाऊक होतं. सैन्यभरतीत डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, त्यातला आकडा विचारला. नाथाजीला नुसते ठिपकेच दिसले. घराघरात फौजी असलेल्या गावात परत येऊन खरं कारण त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात तो जाता-येता खोक्यांत डोकावू लागला. मगदुमांनी हटकलं, "खोकं बघू नका, पाटी बघा." मग तो कामगारांच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधू लागला. तीनदा काम थांबलं. तिसऱ्या वेळी मगदूम हळू आवाजात म्हणाले, "आता मला वर कळवावं लागेल."

घरी त्याला घास गिळेना. शेवटी बायकोला, शालूबाईला, त्यानं सगळं सांगितलं.

"मग सायबास्नी सांगा की," ती म्हणाली.

"गावातली सा माणसं हायत कारखान्यात. आबांच्या कानावर गेलं तर?"

आबा म्हणजे त्याचे वडील, सुभेदार लालासाहेब.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर नाथाजी मागं राहिला. सगळी खोकी त्यानंच भरली होती, म्हणजे सगळ्या पाट्या हिरव्याच असणार. त्यानं एकेक पाटी उलटी करून मागच्या बाजूला कानशीनं बोटभर चरा ओढला आणि ती होती तशी टांगली. चरा दिसला की लाल. त्या रात्री तो पोटभर जेवला.

पण केरबा नावाचा पोरसवदा जोडारी त्या संध्याकाळी पाटी पुन्हा हिरवी करायला विसरून गेला होता. त्या एका पाटीवरचा चरा हिरव्या बाजूला पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं ती हिरवी केली, तेव्हापासून नाथाजी स्टोअरमध्ये नवा माल लावत होता; दुपारी तो बाकांकडं आला, तोवर केरबाचं बेरिंग संपत आलं. केरबानं पाटी फिरवली. नाथाजी तीनदा समोरून गेला. चरा दिसला नाही, म्हणून पुढं गेला. बेरिंग संपलं, केरबाचा हात थांबला, त्यापाठोपाठ पुढचे चार बाक. बाहेर ट्रक उभा होता. मॅनेजर स्वतः खाली आले.

"पाटी आत्ता फिरवलीस ना?" ते केरबावर कडाडले.

"न्हाई ओ सायेब! मगाच फिरवलीया. आईची आन!"

"खोटं बोलतोस? उद्यापासून येऊ नको."

केरबा रडायला लागला. लग्नाला त्याच्या महिनाही झाला नव्हता. नाथाजी पाटीसमोर उभा होता. सगळ्यांना ती लाल दिसत होती. मान खाली घालून कोपऱ्यात उभं राहणं त्याला सहज जमलं असतं.

"त्यानं फिरवलीया, सायेब," तो म्हणाला. "मलाच दिसत न्हाई. लाल न् हिरवं मला येकच दिसतं."

कुणीतरी हसलं. मगदुमांनी खिशातून एक पेन काढून विचारलं, "हे कुठल्या रंगाचं?" नाथाजीनं नकारार्थी मान हलवली. मगदुमांचा चेहरा उतरला. "अहो, आधी का नाही सांगितलं?"

केरबा वाचला. नाथाजीची बदली मागच्या शेडमध्ये झाली, खोक्यांना खिळे ठोकायला. बातमी त्याच्याआधी गावात पोचली.

आबा सोप्यात बसले होते. "छाती भरत न्हाई म्हणलावतास," ते म्हणाले.

"व्हय."

"दोन वर्सं दूध पाजलं तुला. जोर मारून घेतलं. परत भरतीला धाडला."

"व्हय, आबा."

म्हातारा भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. पुढं तो लेकाशी कामापुरतं बोलला, नंतर तेवढंही नाही.

मगदुमांनी आठवड्याभरात प्रत्येक पाटीच्या लाल बाजूवर पांढरी फुली मारून घेतली आणि नाथाजीला परत द्या म्हणून दोनदा मॅनेजरकडं गेले. मॅनेजर म्हणाले, फुलीवर कारखाना चालवायचा नाही. ही गोष्ट मगदुमांनी स्वतः मागं येऊन सांगितली. नाथाजीनं हातोडी खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर शालूबाईनं विचारलं, "उद्या जानार न्हवं कामाला?"

"जातो की," तो म्हणाला. "न जाऊन कुटं जाऊ?"