जीप कोण चालवत होतं?

विजयाताईंनी आयुष्यात एकाच गोष्टीचा तोरा मिरवला, तोही मनातल्या मनात. परवा धाकट्या भावानं, चारुदत्तनं, भरल्या घरात हातात माईक घेऊन तोही काढून घेतला.

चौबे कॉलोनीतल्या त्याच्या घरी बाबांची जन्मशताब्दी होती. बाबा म्हणजे बाबाराव, जनावरांचे सरकारी डॉक्टर. त्यांना रात्रीचं दिसत नसे, आणि ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून सगळं घर जपायचं. बरं, गाय अडली की बोलावणं यायचं नेमकं रात्रीच! तर चारुदत्त म्हणाला, "चौदा वर्षांचा पोट्टा होतो मी, पण अभनपूरच्या रस्त्यानं बाबांची जीप मीच नेत होतो." टाळ्या पडल्या. विजयाताईंनीही वाजवल्या, आता बोला!

कारण जीप त्या चालवत होत्या. एकोणीस वर्षांच्या होत्या. दोन्ही बाजूंनी मोहाची झाडं, मैलोगणती चिटपाखरू नाही, एखादी बैलगाडी आली तर गाडीवानही झोपलेला. डावीकडून बाबा विचारायचे, "पुढं काय आहे गं?" त्या म्हणायच्या, "काही नाही बाबा, नुसता रस्ता."

जेवताना त्यांनी हे नातीला सांगितलं, तर निधी हसली. "आजी, आपको तो स्कूटी भी नहीं आती."

तेही खरंच. लग्नानंतर स्टिअरिंगला हात लागला नव्हता. बरं, चारुदत्त खोटं बोलणारा नव्हे. आईसुद्धा मरेपर्यंत सगळ्यांना हेच सांगायची, 'आमचा चारू नेतो गाडी.' आईपुढं आपलं काय चालणार? जाऊन बघावं तर तो रस्ताही उरला नाही, तिथं आता रात्रीसुद्धा लग्नमंडपासारखा झगझगाट. विजयाताईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपण मागच्या सीटवर बसून स्वप्न तर नव्हतं ना पाहिलं? हल्ली गॅसवर दूध विसरतं, तसंच हे. पण हेही गेलं तर आपलं म्हणून राहिलं काय? पुढचा सगळा जन्म दुसऱ्यानं नेलं तिकडं जाण्यात गेला. त्यांना रडूच आलं.

सकाळी त्यांनी चारुदत्तकडे गाडीची किल्ली मागितली.

"कुठं जातेस ताई?"

"कुठंच नाही. फाटकाच्या आतच बसतो जराशी."

तो काळजीनं शेजारी येऊन बसला. विजयाताईंनी स्टिअरिंग धरलं. काही म्हणता काही आठवेना. पण हात आपसूक गिअरकडे गेला, आणि डावा पाय खालच्या चटईवर दाबला गेला. उचलला, पुन्हा दाबला. चारुदत्तच्या नव्या गाडीला क्लचच नव्हता.

"हे काय करून राहिली?"

"मले काय माहीत? पायच करून राहिला."

"पण दोनदा काहून?"

विजयाताईंचा पाय तिथंच थांबला. त्या जुन्या जीपचा गिअर खाली आणायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर असा करकरायचा की गाव जागं व्हावं. ती जीप चालवणाऱ्यानं हे विचारलंच नसतं. आणि त्याबरोबर त्यांना पुढचंही आठवलं.

"चारू, गावाच्या वेशीवर आपण जागा बदलत होतो. माझ्यासाठी स्थळं पाहून राहिले होते ना. रात्रीची गाडी चालवणारी पोट्टी कोणी केली असती? म्हणून आई तुले सोबत पाठवायची. शेवटचा फर्लांगभर तू, पहिल्याच गिअरमध्ये."

चारुदत्तचा चेहरा उतरला. "कंदील घेऊन माणसं उभी राहायची. 'डाक्टर साहेबांचा पोरगा किती हुशार' म्हणायची. हे मले अजून दिसते, ताई."

"ते खरंच आहे."

"मग त्याच्या आधी मी कुठं असायचो?"

"मागं. झोपून. वेशीवर हलवून उठवायची मी तुले."

इतकी वर्षं पोरासोरांना, सुनांना, ऑफिसात सगळ्यांना तो तोच रस्ता सांगत आला होता. मग हळूच म्हणाला,

"ताई, रस्ता कसा होता?"

विजयाताईंनी सांगायला तोंड उघडलं, पण त्या 'नुसत्या रस्त्या'त इतकं काही होतं, की सुरुवात कुठून करावी हेच त्यांना कळेना.